रात्री-अपरात्री कुठे न्यायचं?

यजमान ५८ वर्षांचे, मधुमेही. मध्यंतरी रात्री दोनला छातीत जळजळ होऊन त्यांना दरदरून घाम फुटला. समोरच्या नर्सिंग होममध्ये ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पुन्हा असं झालं तर? (कासारवडवली)

ताई, त्या रात्री ईसीजी काढला नसेल तर पुन्हा होण्याची वाट पाहू नका, आजच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं, गॅस झाल्यासारखं वाटणं, एवढंच असू शकतं. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासावं लागतं.

अशा वेळी सर्वांत जवळचं हॉस्पिटल योग्य असेलच असं नाही. कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या अँजिओप्लास्टीने उघडतात ती खोली, चालू असलेलं हवं. पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असतं, पण ते बहुधा कॅज्युअल्टीपुरतं. म्हणून याच आठवड्यात दोन-तीन हॉस्पिटलांना फोन करून नेमकं विचारा : ‘रात्री दोनला पेशंट आणला तर अँजिओप्लास्टी करणारी टीम किती वेळात येते?’ उत्तर देताना चाचरले तर ते नाव खोडा. घोडबंदरला गायमुखच्या बाजूला ट्रकांची रांग लागते, त्यामुळे एक तरी हॉस्पिटल ठाण्याच्या दिशेचं ठेवा. नंबर फ्रिजवर चिकटवा. यजमानांना स्वतः गाडी चालवू देऊ नका. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो मेंदूचा झटका (स्ट्रोक) असू शकतो. तेव्हा हॉस्पिटलला प्रश्न बदलून विचारायचा : सीटी स्कॅन आत्ता होईल का? मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. झोपून बरं वाटेल म्हणून सकाळपर्यंत थांबलेले पेशंट बघताना फार वाईट वाटतं.

मुलाला भटकं कुत्रं चावलं, रक्त आलं. सासूबाई हळद लावा म्हणतात. (कोपरखैरणे)

हळद, चुना, तिखट काहीही नको. वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा आणि तडक वाशीच्या सेक्टर १० मधल्या महापालिका रुग्णालयात जा. रक्त आलंय, म्हणजे नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते आहे का हे निघतानाच फोनवर विचारून घ्या. पुढचे डोस चुकवू नका. रेबीज झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि वेळेत पूर्ण उपचार घेतले तर तो टळतो.

माजिवड्याला दुचाकीवरून पडलेल्याला उचललं तर पोलिसांची झंझट आणि हॉस्पिटलचं डिपॉझिट आपल्या माथी येतं का? (ठाणे)

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १३४-ए कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही. आणि डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावलंय. काउंटरवर डिपॉझिट मागितलं तर हे ठामपणे सांगा. मान दुखत असेल तर त्याला रिक्षात कोंबू नका, १०८ लावा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे, हेही लक्षात असू द्या.

सात वर्षांच्या मुलीला तीन दिवस ताप, आज उतरला. आता निश्चिंत राहू ना? (ऐरोली)

मुलगी खेळतेय, खातेय, तर फॅमिली डॉक्टर किंवा जवळचा ‘आपला दवाखाना’ पुरे. पण डेंग्यूत धोका ताप उतरतानाच सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, सहा-आठ तास लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी मुलांचा वॉर्ड असलेल्या हॉस्पिटलात न्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. घरात आयब्युप्रोफेनची बाटली असेल तर ती सध्या बाजूला ठेवा.