मे महिन्याच्या सुट्टीत चिलीच्या पुंता अरेनासला जावं का?

भाऊ, जळगावच्या उन्हाला कंटाळून मे मध्ये जायचं म्हणताय पण तेव्हा तिकडे हिवाळा सुरू होतो, दिवस लहान आणि पेंग्विन तर कधीच समुद्रात निघून गेलेले. दिवाळी झाली की निघा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

शहर मॅगेलन सामुद्रधुनीवर आहे, १९१४ ला पनामा कालवा सुरू व्हायच्या आधी अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांमधली बरीच जहाजं इथून जायची, त्या काळच्या श्रीमंतीचे वाडे चौकाभोवती अजून उभे आहेत. ते अर्ध्या दिवसात बघून होतं.

खरी मजा माग्दालेना बेटावर. मोठ्या फेरीबोटीने दोनेक तास लागतात, वर दीपगृह आहे आणि तिथपर्यंत दोरी लावलेली पायवाट, दोन्ही बाजूंना जमिनीत बिळं, त्यातून गुडघ्याएवढे पेंग्विन डोकं काढतात आणि एखादा वाटेत आला तर आपणच थांबायचं, आधी त्याला जाऊ द्यायचं. वारा जास्त असला की फेरी रद्द होते म्हणून एक दिवस हातचा ठेवाच.

तोरेस देल पाइने या राष्ट्रीय उद्यानासाठी आधी बसने पुएर्तो नातालेस गावी, साधारण २५० किमी, तीन तास. तिथे मुक्काम करा, एका दिवसात जाऊन येऊन काही हाती लागत नाही.

कपडे भर उन्हाळ्यातही गरमच घ्या, कमाल तापमान १५ च्या आसपास. आणि केळी, कच्च्या शेंगा, बियाणं असलं काही नेऊ नका, चिलीत तपासणी फार कडक आहे, शेव-चिवडा नेलात तरी फॉर्मवर लिहा.