जंतुनाशक साबणाने वारंवार अंग धुतल्यास त्वचेचे रक्षण होते का?

दिवसातून तीन-चार वेळा जंतुनाशक साबणाने अंघोळ केल्यास त्वचेचे जंतूंपासून अधिक रक्षण होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते होणार नाही. उलट त्वचेची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्यामुळे कमकुवत होते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. केराटिन या कणखर प्रथिनाने भरलेल्या या चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असून त्यांच्यामधील जागा सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या मेदयुक्त पदार्थांनी भरलेली असते, त्यामुळे अखंड त्वचेतून जिवाणू सहसा आत शिरू शकत नाहीत. शिवाय या पेशी सतत गळत असतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही त्यांच्याबरोबर निघून जातात.

मात्र त्वचा म्हणजे केवळ भिंत नव्हे, आणि हीच बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (pH; तो जितका कमी, तितकी आम्लता अधिक) साधारणपणे ४.५ ते ५.५ असल्यामुळे अनेक रोगजंतूंना तेथे वाढणे कठीण जाते. घामातील डर्मसिडिन आणि त्वचेच्या पेशींनी बनवलेली डिफेन्सिन ही प्रथिने जिवाणूंच्या आवरणावरच आघात करतात. त्वचेवर कायम राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या निरुपद्रवी जिवाणूंमुळे घातक जिवाणूंना जागा आणि अन्न अपुरे पडते. त्यांचे काही प्रकार तर प्रतिस्पर्ध्यांना मारणारी द्रव्येही स्रवतात. इतके करूनही जंतू आत आलाच, तर जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये वर्णन केलेल्या त्वचेतील पेशी त्याचे अंश लसीका ग्रंथींपर्यंत नेऊन प्रतिकारशक्तीला सावध करतात.

आता साबणाकडे वळू. साबणाच्या बहुतेक वड्या अल्कधर्मी असतात. त्या वारंवार वापरल्यास सामू वाढतो, पेशींमधील मेद निघून जातो आणि कोरड्या त्वचेला बारीक भेगा पडतात, ज्यांतून जंतूंना वाट मिळते. इसबाच्या रुग्णांमध्ये हा थर मुळातच दुबळा असल्याने त्यांनी विशेष जपावे. जंतुनाशक घटकांविषयी म्हणाल, तर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटकांपैकी कोणताही असलेल्या साबणांच्या विक्रीस मनाई केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा उत्पादकांनी दिला नव्हता.

हातांची गोष्ट वेगळी आहे. हातांवरचे जंतू तोंड, नाक आणि डोळ्यांवाटे शरीरात जातात, आणि तेथे त्वचेचे हे कवच नसते. म्हणून जेवणापूर्वी व शौचानंतर हात साबणाने धुतलेच पाहिजेत. त्याने हात कोरडे पडत असतील, तर ते टिपून लगेच मॉइश्चरायझर लावावे.