उपवास, शुगर आणि घरातलं इंजेक्शन

प्रश्न: माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. सकाळी शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी, रात्री इन्सुलिन. संकष्टीला त्यांनी गोळी घेतली आणि दिवसभर चहा नि एका केळ्यावर राहिले. संध्याकाळी दरदरून घाम फुटला, बरळायला लागले, मग शुद्धच हरपली. शेजारच्या काकूंनी तोंडात साखरपाणी ओतलं, तर जोराचा ठसका लागला. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले. अशा वेळी घरी देता येणारं इंजेक्शन असतं म्हणे. आणून ठेवावं का?
— एक सून, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: असतं. ग्लुकागॉन त्याचं नाव. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरात ते असावं असं मला वाटतं, पण त्या संध्याकाळी त्याचा कितपत उपयोग झाला असता, याची मला शंका आहे.

ग्लुकागॉनमध्ये साखर नसते. यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडायला ते लावतं. साठा असेल तर साधारण दहा-पंधरा मिनिटांत पेशंट डोळे उघडतो. दिवसभर उपाशी असलेल्याचा किंवा रिकाम्या पोटी दारू प्यायलेल्याचा हा साठा आटलेला असतो. शिवाय ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो, त्यामुळे वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून माणूस उठून बसला, चहा मागू लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच.

किटमध्ये भुकटी आणि द्रव वेगवेगळे असतात. ऐनवेळी मिसळून १ मिलिग्रॅम मांडीत द्यायचं. हे घरातल्या दोघांनी तरी आधीच शिकून घ्यावं, घाबरलेल्या हातांना तेव्हा माहितीपत्रक वाचणं जमत नाही. नंतर उलटी होऊ शकते, म्हणून पेशंटला कुशीवर वळवून ठेवा. १०८ ला फोन इंजेक्शन देण्याआधीच करा. घोडबंदरचा ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगू! नाकात मारायची ३ मिलिग्रॅमची ग्लुकागॉन पावडरही निघाली आहे, अमेरिकेत २०१९मध्ये तिला मान्यता मिळाली.

काकूंचा हेतू चांगला होता, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात थेंबही घालायचा नाही. तो फुप्फुसात जातो.

बहुतेक वेळा मात्र इंजेक्शनपर्यंत पाळी येतच नाही. घाम, हातांना कंप, विनाकारण चिडचिड, आणि मशीनवर शुगर ७०च्या खाली: गिळता येत असेल तर तीन मोठे चमचे नव्हे, तीन चहाचे चमचे भरून ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर तेवढंच परत. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी घेणाऱ्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं.

आणि उपवासाच्या दिवशीची गोळी नि इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. सासऱ्यांनाही सोबत न्या. माझ्या नौपाड्याच्या दवाखान्यात येणारे आजोबा सुनेचं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात.