अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करायचा आहे. ऑलिम्पियाड नाही, समुपदेशक नाही. तयारी कशी करू?

तुझा प्रश्न सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तू तासगाव तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला आहेस, दहावीला ९६ टक्के आहेत, एमआयटी आणि हार्वर्डची स्वप्नं आहेत. एका समुपदेशकाने 'प्रोफाइल तयार करून देतो' म्हणून दोन लाख मागितले. आणि शेवटी तू लिहिलंस, 'द्राक्षबागेत वडिलांना मदत करतो, हवामानाच्या नोंदी ठेवतो, पण ती काही ॲक्टिव्हिटी नव्हे.'

दोन लाख देऊ नकोस. तुझा अर्ज त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि परदेशी अर्जांचे कागद आमच्याकडे माझ्याच टेबलावर येतात. आपल्याकडची मुलं कुठे अडतात, ते त्यातून कळत गेलं. मार्कांत ती सहसा अडत नाहीत. आपण जे करतो ते सांगण्यासारखं नाही असं त्यांना वाटतं आणि मग शेवटच्या सहा महिन्यांत एखादी 'संस्था' काढून वृक्षारोपणाचे फोटो गोळा करतात. असे फोटो तिकडे ढिगाने येतात.

बागेकडे वळू. कॉमन ॲप या अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे, तिथे तर चारच उपक्रम विचारतात. म्हणजे यादी लांबवून काहीच हाती लागत नाही. घरची जबाबदारी हा कॉमन ॲपमध्ये उपक्रमाचा रीतसर प्रकार आहे, तेव्हा 'बागेत मदत' बिनधास्त लिही. पण तेवढ्यावर थांबू नकोस. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पहाटे दव पडतं, पानं ओली राहतात, डाऊनी या बुरशीसारख्या रोगाची भीती असते, आणि वडील अंदाजाने फवारणी घेतात. तुझ्या वहीत रोजचं तापमान आणि पाऊस आहे. त्यात पानं किती तास ओली होती, फवारणी कधी आणि कशाची झाली, रोग दिसला तो दिवस, हे रकाने वाढव. मग स्वतःला एक प्रश्न विचार: या नोंदींवरून एखादी फवारणी टाळता आली असती का? शेजारच्या दोन बागांच्या नोंदीही मिळव. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना नेमका एक प्रश्न ईमेलने विचार. उत्तर येईल किंवा येणार नाही, पण प्रश्न नेमका करता करता तूच बरंच शिकशील. यंदाचा छाटणीपासून काढणीपर्यंतचा हंगाम तुझ्या हातात आहे, आणि अर्जाच्या वेळी पुढच्या हंगामाची सुरुवातही असेल. निष्कर्ष चुकीचा निघाला तरी तो तसाच सांग. असं काम विकत मिळत नाही, आणि तासगावच्या मुलाला ते जितकं सहज जमेल तितकं बोस्टनच्या मुलाला जमणार नाही.

आता शिफारसपत्रं. आपल्याकडे सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. 'तूच लिहून आण, मी सही करतो,' असं सर प्रेमानेच म्हणतात, पण अशी पत्रं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. सगळ्यांत तीच विशेषणं असतात आणि एकही प्रसंग नसतो. शिवाय ते पत्र शिक्षकाने स्वतः लिहून स्वतःच्या ईमेलवरून भरायचं असतं. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं लागतं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. तुला वर्गात खरंच ओळखणारे मराठीचे सर असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांना कोरं पान देऊ नकोस. तुला आठवणारे तीन-चार प्रसंग लिहून दे: कोणत्या तासाला काय विचारलंस, कुठे वाद घातलास, कोणाला शिकवलंस. वाक्यं मात्र त्यांची असू देत. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, आणि मराठीत लिहून नीट भाषांतर केलेलं पत्रही चालतं. त्यासाठी अकरावीतच शिक्षकांना तू माहीत व्हायला हवास. केवळ हजेरीपुरतं कॉलेज आणि दिवसभर क्लास, असं ज्यांचं चाललंय त्यांच्याबद्दल कोणते सर काय लिहिणार?

तिसरा कागद तर आपल्या बहुतेक प्राचार्यांनी पाहिलेलाही नसतो: 'स्कूल प्रोफाइल'. कॉलेज कुठे आहे, बोर्ड कोणतं, वर्गात किती मुलं, कोणते विषय मिळतात, ९० च्या वर किती जण जातात, हे एका पानात मांडायचं. अर्ज वाचणारा तुझी तुलना आधी तुझ्याच परिसराशी करतो. तुमच्याकडे ऑलिम्पियाडचा वर्ग नाही, प्रयोगशाळा अर्धवट आहे, हे तू सांगितलंस तर रडगाणं वाटेल. कॉलेजने सांगितलं तर ती माहिती ठरते. अर्जासोबत शाळेच्या समुपदेशकाने भरायचा फॉर्म आपल्याकडे प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरू शकतात. त्यांच्याकडे कॉलेजचा अधिकृत ईमेल असला तर उत्तम.

कॉमन ॲपचा निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. आधी तो कोणाला तरी मराठीत तोंडी सांग, आईला, मित्राला. जिथे ऐकणारा 'मग?' म्हणतो तिथे खरा मजकूर आहे, जिथे त्याचं लक्ष उडतं तो भाग काढून टाक. मग इंग्रजीत लिही आणि ते तुझंच इंग्रजी राहू दे. यंत्राकडून किंवा पैसे देऊन लिहून घेतलेला निबंध मला तरी पहिल्या परिच्छेदातच परका वाटतो. गरिबीचं प्रदर्शन मांडायची गरज नाही, आणि ती लपवायचीही नाही.

या बाबतीत मी मुलांना आनंदीबाई जोशींचं पत्र वाचायला लावते. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी लिहिलेलं हे प्रवेशासाठीचं पत्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नसू, हे त्या सरळ मान्य करतात. मग सांगतात की आपल्या आणि जातीच्या माणसांचा विरोध पत्करून इथवर आले आहे, आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरं मानणाऱ्या माझ्या देशातल्या स्त्रियांसाठी मला हे शिकायचं आहे. काय कमी आहे, काय करून आले, कशासाठी हवं आहे, बस्स. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. इतका स्पष्ट अर्ज माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पैशांचं आधी बघ, कॉलेजांची यादी त्यावरून ठरव. अशा नामांकित खासगी विद्यापीठांचा खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडन या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली तर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. ॲमहर्स्ट आणि बोडन ही छोटी कॉलेजं आपल्या पालकांना माहीत नसतात, पण तोलामोलाची आहेत. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की ती गोष्ट निवडीत धरली जाते. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा, घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा फॉर्म लागतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने वडिलांकडे रिटर्न नसेल, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सोसायटीच्या कर्जाचे कागद आणि द्राक्षविक्रीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह तयार ठेव. अर्जाची फीच बहुतेक ठिकाणी ७५ ते ९० डॉलर असते, पण परवडत नसेल तर माफी मागता येते. न लाजता माग.

एसएटी या प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात: एमआयटी, हार्वर्ड, ब्राउनला ती किंवा तशीच एसीटी ही परीक्षा सक्तीची आहे. गणित तुला जड जाणार नाही, इंग्रजी वाचन जाईल. ब्लूबुक ॲप आणि खान अकॅडमीवरचा सराव फुकट आहे, क्लास नको.

एक गोष्ट मनापासून सांगते. एमआयटीत शंभर अर्जांतून चार-पाच जणांना प्रवेश मिळतो, परदेशी मुलांना त्याहूनही कमी. मी सांगितलेलं सगळं नीट केलंस तरी नकार येऊ शकतो, आणि त्याचा अर्थ तू कमी आहेस असा होत नाही. म्हणून जेईई, आयसर, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट हे रस्ते सोडू नकोस.

वेळापत्रक मात्र डोळ्यांसमोर ठेव. कॉमन ॲपचा नवा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच जानेवारीत जेईई मेन, मग प्रॅक्टिकल आणि बोर्ड. त्यामुळे बारावीच्या दिवाळीआधी निबंध संपलेले हवेत. तिकडचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात, तोवर तुझा बारावीचा निकाल आलेला नसतो, म्हणून कॉलेजकडून अपेक्षित गुण लिहून घ्यावे लागतात. ते आधीच बोलून ठेव. आणि नववी ते बारावी असे चार वर्षांचे गुण लागतात. नववी-दहावी तुझी शाळेत झाली, म्हणजे ते गुणपत्रक कॉलेज देऊ शकत नाही. या आठवड्यात जुन्या शाळेत जा, नववीचे गुण लेटरहेडवर इंग्रजीत, सही-शिक्क्यासह मागून घे. पासपोर्टचा अर्जही त्याच फेरीत टाक.