वाचकांचे प्रश्न : पाढे, चिंचोके आणि पंचवीसचे बावन्न

प्रश्न : माझे प्राथमिक शिक्षण १९६०च्या दशकात पुण्यात, कॉर्पोरेशनच्या शाळेत झाले. शाळा सुटण्यापूर्वी आम्ही मांडी घालून, एका सुरात तीसपर्यंतचे पाढे आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढे) म्हणत असू. आजही मी भाजीचा हिशेब तोंडी करतो. माझी नात मराठी माध्यमात दुसरीत आहे. तिला जेमतेम पाचापर्यंतचे पाढे येतात आणि पंचवीस लिहायला सांगितले की कधी कधी ती ५२ लिहिते. रोज संध्याकाळी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे मी ठरवले, तर सूनबाईंचे म्हणणे असे की घोकंपट्टीने मूल गणिताला भिते. आमची पद्धत खरोखरच चुकीची होती का?
— एक आजोबा, नारायण पेठ

उत्तर : आधी ५२ बद्दल लिहिते, कारण आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली. आपली नात चुकत आहे ती नीट ऐकते म्हणून. ‘पंचवीस’ म्हणताना कानावर आधी पाच येतात आणि मग वीस. कागदावर मात्र आधी दोन लिहायचे असतात. जसे ऐकले तसे लिहिणाऱ्या मुलाच्या हातून ५२ च उमटणार. त्यात भर म्हणून एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द पुढच्या दशकाचे नाव घेऊन त्यातून एक उणा करतात, त्यामुळे ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहिली. एकोणनव्वदपर्यंत ही रीत पाळून आपली भाषा नव्याण्णवला ती मोडते, हेही सहा-सात वर्षांच्या मुलाने आपले आपणच ओळखायचे असते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१, २२ साठी ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची नेमकी हीच अडचण सांगितली होती, पण त्या गदारोळात ती फार थोड्यांनी ऐकून घेतली. पंचवीस, त्रेसष्ट हे शब्द जाऊ नयेत असे मलाही मनापासून वाटते. तरीही सुरुवातीचे काही महिने ‘पंचवीस म्हणजे दोन दशक पाच’ असे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतल्याने माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची ही उलटापालट थांबली.

आता पाढ्यांकडे वळू. आपली पद्धत चुकीची नव्हती, ती त्या काळाच्या बाजारासाठी घडलेली होती. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होत, तर मणाचे ४० शेर. सव्वा रुपया शेराने सात शेर जिन्नस घेतला तर ‘सात सव्वा पावणेनऊ’ हे ओठांवर असल्याखेरीज व्यवहार पुढे सरकत नसे. दशमान नाणी आल्यावर ही गरज ओसरली, पण आपल्या गुरुजींची पिढी तिच्यातच वाढलेली असल्याने आपल्यापर्यंत पावकी पोहोचली, आणि ती आपल्याला आयुष्यभर पुरली.

मात्र त्या एका सुराची गोड आठवण सांगणारे आपण आणि मी, दोघेही पाढे येणाऱ्यांपैकी. तिसरीत माझ्या शेजारी बसणारी मुलगी सर्वांबरोबर नुसते ओठ हलवीत असे. एके दिवशी बाईंनी तिला एकटीलाच सतराचा पाढा म्हणायला उभे केले आणि ‘सतरा त्रिक’ला ती थांबली. तळहातावर छडी बसल्यावर तिने हात फ्रॉकमागे लपवला, तो शाळा सुटेपर्यंत पुढे आणला नाही. चौथीनंतर ती शाळेत आली नाही. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. पण घरी ‘एवढेही येत नाही?’ असे आजोबांनी म्हटले तर मुलाला ते छडीपेक्षा कमी लागत नाही. सूनबाईंची भीती अनाठायी नाही, ती एवढ्यासाठी.

तेव्हा पाढे जरूर म्हणून घ्या, पण चिंचोक्यांनंतर. चाराचा पाढा घ्यायचा असेल तर तिला जमिनीवर चार-चारांचे ढीग मांडू द्या, सात ढिगांचे किती झाले ते मोजू द्या, दहा-दहांचे गठ्ठे करून दोन दशक आठ सुटे तिच्या हातांना कळू द्या. मग दोघे मिळून म्हणा. ‘चार सत्ते’ आपण, ‘अठ्ठावीस’ तिने. चार-आठ दिवसांनी मध्येच विचारा, चार आठे किती? ती ‘चार एके चार’पासून सुरुवात करते, की अठ्ठाविसात चार मिळवते, याकडे लक्ष ठेवा. मिळवीत असेल तर पुढचा पाढा घ्यायला हरकत नाही. नसेल तर पुन्हा ढीग मांडा, तोच पाढा महिनाभर चालला तरी चालेल. दहा मिनिटे पुरेत.

पावकी मात्र पाठ करवू नका. रविवारी तिला मंडईत न्या. ऐंशी रुपये किलोची गवार पाव किलो घ्या आणि किती द्यायचे ते तिला सांगू द्या. ऐंशीचे निम्मे, त्याचे पुन्हा निम्मे, असे ती बोटांवर करीत असेल तर करू द्या. उत्तर आपल्या ओठांवर तयार असेल, पण तिचे येईपर्यंत बोलू नका. भाजीवाल्या मावशी तेवढ्या थांबतात.