संत्र्यासाठी स्वतःचं कॅरेट बनवून घ्यायचं आहे. थप्पी सरकू नये म्हणून लॉक किती खोल ठेवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोर्शी तालुक्यातली तुमची शेतकरी उत्पादक कंपनी २० किलोचं स्वतःचं कॅरेट काढणार आहे. माप ५४० × ३६० × २९० मिलिमीटर. गोदामात १० ची थप्पी लावायची आहे, पिकअपमध्ये ५ ची. मोल्डवाला म्हणतो, लॉक म्हणून वरचं कॅरेट खालच्यात ६ मिलिमीटर उतरलं तरी पुरे. ते पुरेल का, हे तुम्ही विचारलंय.

नाही पुरणार, १२ ठेवा. मात्र लॉक थप्पीला फक्त आडवं सरकू देत नाही, वजन ते पेलत नाही. मी चौदा वर्षं एका मोल्डिंग कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आणि आता वरुडकडे घरचा बगीचा बघतो. पडलेल्या थप्प्या दोन्हीकडे पाहिल्या. त्यातल्या बहुतेक ठिकाणी लॉक शाबूत होतं, दबले होते ते कोपरे.

हिशोब करून बघा. भरलेलं कॅरेट म्हणजे २० किलो माल आणि स्वतःचं वजन दोनेक किलो, असे २२ किलो. १० ची थप्पी लावली की सगळ्यात खालच्यावर ९ कॅरेटचे १९८ किलो येतात, म्हणजे एका कोपऱ्यावर जवळपास ५० किलो. हे वजन वरच्या कॅरेटच्या कोपऱ्यातून खालच्याच्या कोपऱ्यात, तिथून त्याच्या खालच्याच्या कोपऱ्यात आणि शेवटी जमिनीत सरळ उतरायला हवं. घराचे खांब मजल्यामागून मजला एकावर एक येतात, तसंच हे. म्हणून कोपऱ्यात उभ्या रिब, म्हणजे भिंतीला बळ देणाऱ्या उठावाच्या पट्ट्या, दाट द्या आणि त्या बाहेरच्या बाजूने द्या, कारण आतली रिब फळाला घासते. संत्र्याच्या सालीतली तेलाची पुटकुळी फुटली की तिथे डाग पडतो, आणि खरचटलेल्या जागेतूनच हिरवी-निळी बुरशी आत शिरते. हवेच्या खाचा भिंतीच्या मधल्या भागात ठेवा. कोपऱ्यापासून दोन-अडीच इंच भिंत सलग असू द्या. कोपऱ्यालगत खाच पाडली की खांबच कापला जातो. ड्रॉइंगमध्ये खाचा सगळीकडे सारख्या दिसाव्यात असं मोल्डवाल्याला वाटतं, तिथे ऐकू नका.

आता भरण्याचं बघू. आपल्याकडे शीग लावून भरायची सवय आहे. व्यापाऱ्याला भरघोस दिसतं, मजुरालाही हात आखडता घेतला असं वाटत नाही. पण फळ कडेच्या वर आलं की वरचं कॅरेट कडेवर न बसता फळांवर बसतं. मग ती संत्र्याचीच थप्पी झाली. चार-पाच संत्री दबतात, रस खाली झिरपतो, आणि फळं मऊ पडतील तसं वरचं कॅरेट तिरपं होत जातं. फळ कडेपासून किती खाली हवं, तर २५ मिलिमीटर. त्यातले १२ लॉकचे, कारण वरच्याचा तळ तेवढा आत उतरतो. साधारण ५ त्या तळाला वजनाने येणाऱ्या झोळाचे, आणि उरलेले ८ गचके बसतील त्यासाठी. लॉक जितकं खोल करत जाल, तितकी फळाची जागा कमी होते, म्हणून १५-१८ च्या मागे लागू नका. या मापाच्या कॅरेटची आतली जागा साधारण ५०० × ३२० × २७० मिलिमीटर निघते. वरचे २५ सोडले तर ३९ लिटर उरतात. संत्रा एका लिटरला अर्ध्या किलोच्या आसपास बसतो, म्हणजे साडेएकोणीस-वीस किलो. २३ किलो कोंबायचेच असतील तर उंची वाढवा. आणि आतल्या भिंतीवर २५ मिलिमीटर खाली भरण्याची रेघ मोल्डमध्येच कोरून घ्या. त्याचा खर्च नगण्य आहे, आणि बगीच्यात उभं राहून कुणाला वारंवार सांगावं लागत नाही.

नमुने हातात आले की सगळ्यात आधी एक गोष्ट करा. रिकामं कॅरेट सपाट फरशीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला धरून हलकेच फिरवा. भोवऱ्यासारखं गिरकी घेतलं तर तळाला पोट आलंय. चार कोपऱ्यांवर उभं असलेलं कॅरेट फरशीला घासत, अडखळत फिरतं. पोट येण्याचं कारण मोल्डमध्येच असतं. प्लास्टिक बहुधा तळाच्या मध्यातून आत येतं, तिथे ते जास्त दाबलं जातं आणि कमी आकसतं, कडा मात्र जास्त आकसतात. मग मधला भाग वर किंवा खाली फुगतो. खाली फुगला तर वजन कोपऱ्यातून न जाता पोटातून जातं. म्हणून ड्रॉइंगमध्येच तळ मध्यात २-३ मिलिमीटर वर उचललेला ठेवायला सांगा आणि मोल्डच्या आतल्या गाभ्यात पाण्याची लाइन कोपऱ्यांपर्यंत नेलीय का ते विचारा. आतला कोपरा उशिरा थंड झाला की भिंती आत ओढल्या जातात.

त्या ओढीमुळेच लांब बाजूची कड मध्यात किंचित आत वळलेली असते. तळाची टाच, म्हणजे खालच्या कॅरेटच्या कडेआत उतरणारा तळाचा उठाव, चारही बाजूंनी सलग दिली तर नेमकी तिथे अडते. मजूर वरून ठोसा मारून बसवतो, किंवा अर्धवट टेकवून पुढे जातो. टाच फक्त चार कोपऱ्यांत एल आकाराची ठेवा, लांब बाजूच्या मध्यात ती मागे घ्या. टाचेला खालून उतार द्या, म्हणजे न वाकता हाताच्या अंदाजाने कॅरेट जागेवर उतरतं. फट एका बाजूला दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. कडेत पन्हळीसारखी खाच काढून त्यात टाच बसवायची रचना कुणी सुचवली तर घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबिया बहाराची तोड चालते तेव्हा वावर ओलं असतं. आपली काळी माती त्या खाचेत बसते, वाळून दगड होते आणि कॅरेट एका कोपऱ्याला पाच मिलिमीटर उचललेलंच राहतं. दहाव्या थरापर्यंत तो कल किती होईल, बघा.

दीड-दोन मिलिमीटरची फट टिकवायची तर प्लास्टिक बदलू देऊ नका. कॅरेटचं नेहमीचं प्लास्टिक म्हणजे एचडीपीई, ते साच्यातून निघाल्यावर साधारण दीड ते तीन टक्के आकसतं. ५४० मिलिमीटरवर दोन टक्के म्हणजे १०.८ मिलिमीटर. पुढच्या वर्षी कुणी त्याच मोल्डमध्ये स्वस्तातलं, दीड टक्का आकसणारं प्लास्टिक घातलं तर आकसणं ८.१ वर येतं, म्हणजे कॅरेट पावणेतीन मिलिमीटर मोठं निघतं. दिसायला दोन्ही सारखी, पण जुन्यावर नवं नीट बसत नाही. आमच्या भागात दोन कारखान्यांची कॅरेट मिसळून भरलेली गाडी मी पाहिलीय. गतिरोधकावर तिसऱ्या थरापासूनच्या चार थप्प्या बाजूच्या फळीवर कलंडल्या. रंग एकच होता, त्यामुळे भरणाऱ्यांना काही कळायला मार्गच नव्हता. तुमच्या कॅरेटवर बनवल्याचं वर्ष आणि प्लास्टिक कोणतं याची खूण उठावाने येऊ द्या.

आता १० च्या थप्पीबद्दल. ती लावू नका. प्रत्येक थर २७८ मिलिमीटर वाढवतो, म्हणजे १० ची थप्पी २.८ मीटर झाली. ३६० मिलिमीटर रुंदीच्या पायावर ही जवळपास आठपट उंची होते. शिवाय २२ किलोचं कॅरेट डोक्याच्याही वर कोण चढवणार? बाई-माणूस जे काम करतात त्यांच्या खांद्याचा विचार करा. ७ ची थप्पी १.९६ मीटर होते आणि खालच्यावर १३२ किलो येतात. तिथे थांबा. कॅरेट मात्र १० च्या हिशोबाने बनवा, कारण टिनाच्या शेडमध्ये दुपारी तापमान चढलं की प्लास्टिक भाराखाली हळूहळू दबत जातं. माझ्याच शेडमध्ये पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिला होता. संध्याकाळी ओळंब्यात लावलेल्या थप्प्या तिसऱ्या दिवशी उताराकडे बोटभर झुकल्या होत्या. ज्या बाजूला भार जास्त, ती बाजू रोज थोडी जास्त दबते, आणि दबली की भार आणखी तिकडेच जातो. थप्पीची जागा सपाट हवी. उतार द्यायचाच तर मधल्या वाटेला द्या.

पिकअपमध्ये एक थर आडवा, एक उभा असं विटांसारखं रचू नका. मापं जुळतात, कारण ५४० चे दोन म्हणजे ३६० चे तीन. पण वरचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मध्यावर येतो आणि भिंत बाहेर फुगते. सगळे कोपरे एकावर एक ठेवा, हौद्याच्या कडेची फट बारदान्याने घट्ट भरा आणि दोर प्रत्येक ओळीवरून आडवा टाका. एकटी थप्पी पडते, घट्ट बांधलेला गठ्ठा सहसा पडत नाही.

रिकामी कॅरेट एकात एक बसवायची तर भिंती बऱ्याच तिरप्या कराव्या लागतात आणि आतली जागा जाते. नागपूरच्या कळमना बाजारात माल टाकून गाडी रिकामी कॅरेट घेऊन रोज परतणार असेल, तर १८० अंशात फिरवल्यावर आत बसणारी रचना परवडते. दिल्ली-कोलकात्याला गेलेलं कॅरेट परत येतच नाही, तिथे खोकाच वापरा. उन्हाचं म्हणाल तर यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हाने प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळतात ते रसायन, लेखी मागा. मे महिन्यात धुऱ्यावर पडलेलं कॅरेट वरून पांढुरकं झालं की पहिली चीर कोपऱ्यालाच जाते.

मोल्ड बनायच्या आत एक अट घाला. टाच सुरुवातीला थोडी लहान, म्हणजे लॉक सैल ठेवायला सांगा. लोखंड खरवडून टाच मोठी करता येते. लहान करायची झाली तर मोल्डवर वेल्डिंग करावं लागतं आणि तो मोल्ड पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. पहिल्या ट्रायलचे ८ नग मागवा, पण काढल्यापासून दोन दिवसांनी मोजा, तोवर ते आकसत असतात. एक नग २० किलो संत्र्यांनी भरा, त्यावर फळी आणि सिमेंटची ५० किलोची ८ पोती रचा, म्हणजे ४०० किलो. शेडमध्ये २४ तास ठेवा. आधी आणि नंतर चारही कोपऱ्यांची उंची आणि लांब भिंतीच्या मध्याचा फुगवटा टेपने मोजा. ते आकडे इथे टाका, पैसे पूर्ण देण्याआधी. मी बघून सांगतो की रिब वाढवायला हवी की भिंत.