आजोबांची जुनी तिजोरी बिघडलीय, चावी अर्धीच फिरते. दुरुस्त करावी, विकावी की भंगारात द्यावी?

आत्ताच काहीच ठरवू नका, आधी ती नीट उघडू द्या. आणि तुमचे काका म्हणतायत तो गॅस कटर तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की चावी आहे पण अर्धी फिरून अडकते, मूठ ढिली झालीय, दार बंद आहे आणि आत काय आहे ते घरात कुणालाच माहीत नाही. म्हणजे बिघडलंय ते कुलूप. तिजोरी धडधाकट असणार. मी कुलपांचंच काम करतो आणि अशा जुन्या तिजोऱ्या बघतो तेव्हा बहुतेक वेळा आतली एखादी पातळ स्प्रिंग तुटलेली असते, नाहीतर वर्षानुवर्षं घातलेलं तेल-ग्रीस घट्ट होऊन पितळी लिव्हर, म्हणजे चावी फिरवली की उचलल्या जाणाऱ्या कुलपातल्या पट्ट्या, एकमेकांना चिकटून बसलेले असतात, बस्स. एवढ्यासाठी लोक दार कापून ठेवतात आणि मग त्या वस्तूला ना विकायची किंमत राहते ना ठेवायची शोभा, खूप वाईट वाटतं बघून.

गॅस कटर का नको ते सांगतो. कागद साधारण 230 अंशांच्या आसपास पेट घेतो आणि कटरची ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम असते, त्यामुळे आत दस्तऐवज, फोटो, पत्रं असतील तर दार उघडेपर्यंत त्यांची राख. दुसरं म्हणजे काही जुन्या तिजोऱ्यांच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं, ग्राइंडर लावला की ती धूळ थेट छातीत जाते. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही अमेरिकन तिजोऱ्यांत तर दाराच्या आतल्या बाजूला अश्रुधुराच्या रसायनाच्या काचेच्या नळ्या बसवलेल्या असायच्या, चोराने हातोडा मारला की फुटाव्यात म्हणून. त्या अजूनही कुठे कुठे सापडतात. तेव्हा ठोकाठोकी नकोच.

आता चावीकडे या. ती पोकळ नळीची असेल तर नळीच्या आत बघा, तिथे धूळ आणि तेलाचा लगदा ठासून बसलेला असतो आणि मग चावी पूर्ण आत जातच नाही, दोन मिलिमीटर बाहेर राहिली तरी लिव्हर बरोबर उचलले जात नाहीत. टाचणीने कोरून काढा, भोकातही फुंकर मारा. मग चावी पूर्ण आत घालून एका माणसाने दार खांद्याने आत दाबून धरायचं आणि दुसऱ्याने हलक्या हाताने फिरवायची, कारण तिजोरी एका बाजूला कलली असेल किंवा बिजागरी झिजून दार खाली आलं असेल तर बोल्ट, म्हणजे दारातून चौकटीत शिरणारे दांडे, चौकटीवर घासून अडकतात आणि आपल्याला वाटतं कुलूप खराब. पायाखाली पातळ पट्टी सरकवून तिजोरी समतल केली तरी फरक पडतो. पक्कड लावून चावी पिरगाळू नका हो, चावी आत तुटली की साधं काम अवघड होऊन बसतं.

अजून एक गोष्ट करून बघा, चावी एकदा उलट्या दिशेने फिरवा. चब या इंग्लंडमधल्या कुलूपवाल्यांच्या 1818 च्या डिटेक्टर कुलपात अशी सोय होती की चुकीची चावी किंवा हत्यार घालून एखादा लिव्हर जास्त उचलला गेला तर कुलूप मुद्दाम अडकून बसतं, म्हणजे मालकाला कळावं कुणीतरी हात लावलाय. सुरुवातीला ते सोडवायला वेगळी चावी लागायची, 1824 च्या सुधारणेनंतर मूळ चावी उलटी फिरवली की झालं. तुमची तिजोरी त्या जातीची असेलच असं नाही, पण करून बघायला काहीच जात नाही.

तरीही नाही उघडली तर तिजोऱ्यांचं काम करणारा माणूस शोधा. तो लिव्हर चाचपून उघडेल, नाहीतर अगदी नेमक्या जागी पेन्सिलच्या जाडीचं एक भोक पाडून आत बारीक कॅमेरा घालेल. ते भोक नंतर कठीण पोलादाची खुंटी घालून बुजवता येतं, वरून रंग लावला की दिसतसुद्धा नाही. काम देण्याआधी एवढंच विचारा, "भोक कुठे पाडणार आणि नंतर कसं बुजवणार?" जो नीट उत्तर देणार नाही त्याला हात लावू देऊ नका.

उघडली की मग ठरवा. दाराच्या मागची प्लेट काढून कुलूप बाहेर घ्या, साफ करा, तुटलेली स्प्रिंग नवीन बसवा. चावी झिजली असेल तर झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढू नका, लिव्हरच्या मापाने नवीन बनवा. आणि प्रत्येक वेळी दार उघडं ठेवूनच कुलूप तपासायचं, बोल्ट व्यवस्थित आत-बाहेर होतायत याची खात्री पटेपर्यंत दार लावायचंच नाही.

भंगाराचं म्हणाल तर त्यात तसंही फार काही मिळत नाही. वजन बघून वाटतं सगळं लोखंडच आहे, पण दोन पत्र्यांमध्ये भराव असतो आणि त्याला भंगारवाला पैसे देत नाही. जुन्या तिजोऱ्यांत बऱ्याचदा तुरटी आणि लाकडाचा भुसा भरलेला असतो. तुरटीच्या वजनात जवळजवळ 45 टक्के पाणीच असतं, आग लागली की ते वाफ होऊन सुटतं आणि आतलं तापमान बराच वेळ शंभर अंशांच्या आसपास राहतं, फार हुशारीचं काम आहे ते. पण तोच भराव वर्षानुवर्षं ओल सोडून पत्रा आतून गंजवतो. म्हणून दुरुस्त झाली तरी दागिने-कागदांसाठी तिच्यावर विसंबू नका, त्याला आजची तिजोरी घ्या. ही जपायची ती वस्तू म्हणून.

विकायची असेल तर बनवणाऱ्याची पितळी प्लेट, त्यावरचा नंबर, मूळ चावी आणि मूळ रंग यांनाच किंमत आहे. लोक हौसेने घासूनपुसून, सँडपेपर मारून, नवा चकचकीत रंग लावतात आणि दारावरची हाताने काढलेली सोनेरी रेघ कायमची घालवतात. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, सुकल्यावर मेणाचं पॉलिश, यापलीकडे काही करू नका. मूठ ढिली आहे ती बहुतेक आतल्या पिनमुळे, तीच मूठ घट्ट करून घ्या, नवीन बसवू नका.

माझं मत विचाराल तर घरात जागा असेल तर ठेवा. फक्त दोन गोष्टी बघा. घराची जमीन बऱ्याच ठिकाणी चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने केलेली असते आणि अशी तिजोरी अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर चारशे किलो सहज टाकते, तेव्हा वरच्या मजल्यावर न्यायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, आणि हलवायला जड सामान हलवणारीच माणसं बोलवा, घरातल्या पोरांना लावू नका. दुसरं, घरात लहान मुलं येत-जात असतील तर बोल्टच काढून ठेवा किंवा दार पूर्ण लागणार नाही असा ठोकळा आत स्क्रूने पक्का बसवा. लपाछपीत मूल आत गेलं आणि दार लागलं तर आत हवा फार थोडी असते. हे काम कुलूप दुरुस्त व्हायच्याही आधी, दार उघडेल त्याच दिवशी करा.